दोघांचं पॅकेज

ओस्वाल्दो,

मी बंदरावर पुढे निघाले आहे. न्हाव्याकडून आलास की येर्बा-मातेचा चहा पिऊन घे, किटलीतलं पाणी गरम आहे.

सहलीच्या जहाजावर घरची वाइन किती नेता येते, हे विचारायला काल मी कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "माणशी एक बाटली, सेन्योरा. पण तुम्ही दोघांनी दारूचं पॅकेज घेतलंय, मग घरून ओझं कशाला?"

मी म्हटलं, "दोघांनी नाही गं, माझ्या एकटीचं आहे. नवऱ्याने भेट दिलंय."

ती हसली. "एका केबिनमध्ये एकटीला मिळतच नाही. घेतलं तर दोघांनी. डॉक्टरांची चिठ्ठी दिली, तरच दुसऱ्याला सरबतांचं पॅकेज मिळतं. तुमच्या साहेबांनी तसं काही विचारलं नाही."

तू मात्र मला म्हणाला होतास, "नेली, तू मजा कर. मी सोड्यावर खूश आहे."

तुला नियम नीट कळला नसेल, असं मी स्वतःला समजावते आहे. तुझ्या यकृताबद्दल डॉक्टर फेरेय्रांनी लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली आहे. ती घेऊन ये आणि बंदरावरच्या खिडकीत तुझ्या हाताने दे. भावाच्या मळ्यातली वाइन मी कपाटात परत ठेवली आहे. तू येईपर्यंत मी बंदराच्या फाटकाबाहेर थांबेन.

तुझ्या बॅगेतल्या चूळ भरायच्या औषधाच्या नव्याकोऱ्या बाटलीचं सील तुटलेलं दिसलं. ती आणायची की बेसिनमध्ये ओतायची, ते तू ठरव. मी वास घेतलेला नाही.

नेलिदा