ओळीत अप्पा कितवे

२७ नोव्हेंबर, बुधवार
रिपोर्ट आला. मेसोथेलिओमा. रिपोर्टवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून या वहीच्या मागच्या पानावर उतरवली, दोनदा ताडली. खाली प्रकार लिहिलाय, एपिथेलिओइड. त्याचा अर्थ विचारायचा राहिला.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंना मराठी समजतं, बोलतात कन्नडमधून. फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा कॅन्सर आहे म्हणाल्या. वडील काय काम करायचे? सिमेंटचे पत्रे कापून छपरं बसवायचे, तीस वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ आत जाऊन बसते, कित्येक वर्षांनी असं निघतं.

पूर्ण बरा होत नाही. सलाईनमधून औषध देता येतं, आजार काही काळ थोपतो, त्रासही होतो. घ्यायचं की नाही हे पेशंटने ठरवायचं. मी विचारलं, किती दिवस? "साधारण वर्षभर धरा."

अप्पा बाहेर बाकावर बसलेले. "काय म्हनल्या?" छातीत पाणी झालंय, काढलं की बरं वाटेल, असं सांगितलं. आमचं हळ्ळीखेड येईपर्यंत नीट बघितलं नाही त्यांच्याकडे.

२८ नोव्हें., गुरु.
आमच्या झेरॉक्सच्या दुकानात नव्या वर्षाचं कॅलेंडर आलंय. पुढच्या २७ नोव्हेंबरला पेन्सिलीने ठिपका दिला. मग भीती वाटली, खोडला. ठिपका गेला, कागदावर खळगा राहिला.

अव्वाला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती, पाखडतच राहिली. अक्काला उदगीरला फोन केला. ती म्हणाली, "अप्पांना सांगू नकोस. सांगितलं की माणूस निम्मा तिथंच जातोय."

मग औषधाचं कोण ठरवणार? मी?

१ डिसें., रवि.
रशीदभाई आले. अप्पांबरोबर सगळी छपरं यांनीच चढवली. पत्र्यांचा दुकानदार तेव्हाच सांगायचा, पाणी मारून कापा, धूळ उडणार नाही. पण ओल्या पत्र्यावर गेरूची रेघ फुटते, कापणी वाकडी जाते. म्हणून अप्पा कोरडाच कापायचे.

रशीदभाई मला म्हणाले, "तेरे अप्पा की लकीर देखा क्या तू? बाल बराबर फरक नै."
अप्पा म्हणाले, "तू वर बसून बिडी वढायचास, खाली धुळीत मी. म्हनून तुला खोकला न्हाई."
"बिडी का धुवाँ अच्छा रैता मिस्त्री, धूल कू अंदर आने नै देता."
दोघं हसले. अप्पांना हसताना धाप लागली.

मीही शाळेच्या सुट्टीत पत्र्याचं दुसरं टोक धरायचो. हे इथे लिहून ठेवतो, पुढे विचार करायचा नाही.

८ डिसें., रवि.
अप्पांना आडवं झालं की दम लागतो. भिंतीला टेकून, पाठीशी तीन उशा, तसेच झोपतात. आज सकाळी अंघोळ करून विभूती लावली, मांडी घालून भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. अव्वा ताट घेऊन आली ती दारातच थांबली. मला परड्यात बोलावून नेलं.

"त्यांना असं बसू देऊ नको."
"कामून?"
"भिंतीला टेकवून कवा बसवत्यात आपल्यात, म्हाईत न्हाई का तुला?"

माहीत आहे. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला असंच बसवतात, विभूती, हार, भजन. पुरतातही बसवूनच. आज्जाच्या वेळी मी पाहिलंय.

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय बसून राहायला," एवढंच म्हणालो आणि दुकानात गेलो. जास्त बोलायला हवं होतं.

१२ डिसें., गुरु.
दुपारी घरी आलो तर अप्पा आडवे. डोक्याखाली एकच उशी. ओठ जांभळे, हाताने चादर ओढत होते. अव्वा पायाशी बसून म्हणत होती, "जरा पडा, बरं वाटंल." मी उठवून बसवलं. रशीदभाईंच्या भाच्याच्या जीपमधून गुलबर्गा. सगळ्या रस्त्यात मागून धरून बसलो, त्यांची पाठ माझ्या छातीला. प्रत्येक श्वास मला...

लगेच पाणी काढलं. दोन बाटल्या भरल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांना आडवं कोणी केलं? अव्वा पदराचा काठ बघत राहिली.

१३ डिसें., शुक्र.
आज डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, वर्ष म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत? त्यांनी वहीचं पान मागितलं आणि त्यावर उभ्या रेघा ओढल्या, माणसं. म्हणाल्या, ज्यांना हा आजार झाला त्यांना ओळीत उभं करा, जो आधी गेला तो पुढे. मी सांगितलं ते मधल्या माणसाचं. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे नंतरही राहिले, काही तर पुष्कळ नंतर. तुमचे वडील ओळीत कितवे, ते मला माहीत नाही.

मग कशावर असतं? पेशींचा प्रकार, किती पसरलंय, वय, अंगातली ताकद. एपिथेलिओइड म्हणजे यातला त्यातल्या त्यात बरा प्रकार. वय मात्र साठीच्या पुढे, आणि पाणी फिरून भरतंय. औषधाने ओळीत थोडं मागे सरकता येईल, नाहीही. ओळीतून बाहेर पडता येणार नाही. वडिलांना सांगितलंत का, असंही विचारलं. नाही म्हणालो. "मग मी कोणाला विचारू?"

म्हणजे मी चुकीचा ठिपका दिला होता. तारीख नव्हतीच ती. हे बरं की वाईट, कळत नाही. तारीख होती तेव्हा निदान धरायला काहीतरी होतं.

१६ डिसें., सोम.
घरी. अव्वा विहिरीवर गेली तेव्हा अप्पांनी मला समोर बसवलं.
"तुझ्या अव्वानं मला आडवं केलं तवाच कळालं."
"काय?"
"इतक्या वर्सांच्या संसारात दुपारी झोपा म्हनली न्हाई कधी. झोपलो तर उठवायची. आता नीट सांग."

पान काढलं, रेघा दाखवल्या, सगळं क्रमाने सांगितलं. काही गाळलं नाही. अप्पा मधल्या रेघेवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक इचारायचं, मिस्त्री, पत्रा किती वर्सं टिकंल? मी कवा आकडा दिलो न्हाई. मारुतीच्या गल्लीत माकडं नाचत्यात, पाच वर्सांत फुटतोय. मठाकडं तोच पत्रा तीस वर्सं झाली, हाय की अजून."

"मग औषध?"
"थांब की. आत्ता तर कळालंय मला."

अव्वाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढंच, "ते उशी जरा वर सरकव गं." तिने सरकवली.

२३ डिसें., सोम.
परत धाप. पण मागच्यापेक्षा कमी. की मलाच सवय झाली? रोज सकाळी किती पावलांवर थांबतात ते मोजत होतो. अप्पांनी पाहिलं, म्हणाले, "मास्तर, हजेरी घ्यायलास व्हय?" आजपासून मोजणं बंद.

३० डिसें., सोम. येळवस (वेळा अमावस्या)
शेतात गेलो. अप्पा हट्टाने आले. अक्का उदगीरहून आली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी तिने केली. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील शिंपडली. अव्वाने वाकळेची घडी केली, लिंबाच्या बुंध्याला लावली आणि स्वतःच अप्पांचा हात धरून त्यांना टेकवून बसवलं. कपाळावर विभूती होतीच. बराच वेळ समोर उभी राहिली. मग म्हणाली, "बसा असंच. दिसायलाय चांगलं." आणि भांडी घेऊन पाण्याकडे गेली.

मी जवळ बसलो. येत्या गुरुवारी गुलबर्ग्याला जायचंय, औषधाचं काय सांगू?
अप्पा ज्वारीकडे बघत होते. "तू किती सुट्ट्या पत्रं धरलास?"
चार, म्हणालो. पाच असतील.
"मी कापायचो, तू टोक धरून धुळीत माझ्याकडं तोंड करून हुभारायचास. ते इचारलास का त्यांना?"
नाही म्हणालो.
"ते इचार आधी. मग माझं सांगतो."

गुरुवारचे प्रश्न पानावर लिहिलेत. पाणी किती दिवसांनी काढायचं. औषध सुरू केलं तर गुलबर्ग्याला किती वेळा यावं लागेल. तिसरा प्रश्न दोनदा लिहिला, दोनदा खोडला. आता पेनाने लिहिलाय.