उंच खांब, बुटका खांब आणि मधले आपण

ती. थोरल्या मामीस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं इथूनच ठेवलं आहे, तेव्हा गुडघा हलवायची तसदी घेऊ नका.) गुडघा कसा आहे? मामा बोलतात का, की अजून नुसतं ऐकायचंच काम आहे? मी ठीक आहे. नोकरी शाबूत आहे आणि डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतंय.

चारचौघांत तुम्ही मी 'डॉक्टरांच्या हाताखाली' असते असं सांगता, म्हणून एकदा खुलासा करते. जन्मतः व्यंग असलेल्या बाळांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात मी आकडे मांडते. त्यातलं एक व्यंग म्हणजे स्पायना बिफिडा. पोटातल्या बाळाचा पाठीचा कणा जिथे मिटायला हवा तिथे मिटत नाही, फट राहते. मग कुणाच्या पायांत जोर नसतो, कुणाला दुसरेच त्रास. हे घडतं अगदी सुरुवातीला, बाईला स्वतःला दिवस गेल्याचं कळायच्या आत. (म्हणजे सासूला कळायच्या तर कितीतरी आधी.) आणि याचं प्रमाण सगळ्या समाजांत सारखं नसतं. आई कोणत्या वंशाची, कोणत्या समाजाची, त्याप्रमाणे कमीजास्त दिसतं. का, ते पूर्णपणे कुणालाच ठाऊक नाही. थोडं रक्तात असेल, थोडं रोजच्या पिठात (हा धोका कमी करणारं फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व काही पिठांत मिसळतात, काहींत नाही), आणि थोडं दवाखाना किती लांब यात.

तर हे बायकांना समजावून सांगावं असं आमच्या साहेबांच्या मनात आलं. साहेबांच्या मनात एखादी गोष्ट आली की ती माझ्या अंगावर येते. मी आलेखात तीन रंगीत खांब काढले. एका समाजाचा उंच, एकाचा बुटका आणि मधला आपला. (आपल्या खांबाकडे शेवटपर्यंत कुणी ढुंकून पाहिलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण असं झालं खरं.) सभागृह गच्च भरलं होतं, कारण चहा फुकट होता. दारात प्रत्येकीच्या हातात फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचं पाकीट दिलं, पडद्यावर खांब दाखवले आणि म्हटलं, काही शंका असल्या तर विचारा. इथे माझं चुकलं.

उंच खांबाच्या बायका उठल्याच. आमच्या कुळाला नावं ठेवायचा पगार मिळतो का तुला, असा एकंदर सूर. त्यांच्यातली एक शिंपीण गळ्यातली मोजपट्टी काढून थेट पडद्यापाशी गेली आणि खांब मोजू लागली. मी तो मुद्दाम वाढवून काढलाय अशी तिची खात्री होती. बुटक्या खांबाच्या बायका इकडे एकमेकींचं अभिनंदन करत होत्या, जणू खांब त्यांनी स्वतः उपाशी राहून बुटका ठेवला होता. मग त्यांच्यातली एकेक बाई पाकीट टेबलावर परत आणून ठेवू लागली. आमच्यात नसतंच म्हणे. ढीग साचला. साहेबांनी शांततेसाठी ध्वनिक्षेपक हातात घेतला, तो नेमका माझ्या डाव्या कानाशी. त्यातून जी किंकाळी निघाली, तीच त्यांच्या भाषणातली सर्वांना समजलेली एकमेव गोष्ट.

त्या किंकाळीने सगळ्या गप्प झाल्या, तेव्हा मागून एक बाई चाकाची खुर्ची ढकलत पुढे आल्या. खुर्चीत त्यांची सात-आठ वर्षांची लेक. बाई शाळेत गणित शिकवतात.

"मी बुटक्या खांबातली," त्या म्हणाल्या. "आणि ही माझी मुलगी. कमी म्हणजे शून्य नव्हे."

मग त्यांनी जरा हळू सांगितलं, "मलाही घरात हेच सांगितलं होतं, आपल्यात नसतं. गोळ्या घेऊनही झालं असतं, कोण जाणे. पण मी घेतल्या नव्हत्या, आणि ते मात्र जन्मभर मनात राहतं."

मामी, मी भाषणाचा कागद घडी करून ठेवला. पुढचं मुलगीच बोलली. "आई, झालं असेल तर बिस्किटं संपायच्या आत जाऊ या का?" असं विचारून तिने स्वतःच खुर्ची वळवली आणि साहेबांच्या बुटावरून नेली. "काका, मध्ये उभे राहू नका," हे तिने नंतर सांगितलं.

शिंपिणीने मोजपट्टी गुंडाळली, ढिगातली दोन पाकिटं उचलली, एक स्वतःच्या सुनेसाठी पिशवीत टाकलं आणि दुसरं बुटक्या खांबाच्या एकीच्या मांडीवर आपटलं. घे गं, नखरे पुरे. मग टेबल रिकामं व्हायला वेळ लागला नाही. कार्यक्रम आपल्या मार्गदर्शनामुळे यशस्वी झाला, असं साहेबांनी पाय वर ठेवून वरच्यांना कळवलं आहे.

खांब मी तसेच ठेवलेत. ते खरे आहेत, आणि गोळ्या आधी कुठे पोचवायच्या ते त्यांच्यावरूनच कळतं. फक्त आता भाषण लहान करते.

तुमची,
भाची

ता.क. तुमच्या सुनेसाठी, म्हणजे आमच्या वहिनीसाठी, पाठवलेलं गोळ्यांचं पाकीट तुम्ही 'आपल्या घराण्यात असलं काही नसतं' असं लिहून परत केलंत. ते सोबत पुन्हा पाठवत आहे. कपाटात ठेवू नये. रोज एक, तिच्या पोटात.

आणखी एक. लिफाफा चिकटवत होते तेवढ्यात वहिनीचाच फोन आला. ती लग्न झाल्यापासून गोळ्या घेते आहे आणि मामाच गुपचूप आणून देतात. तुम्हाला सांगू नको असं दोघांनी बजावलंय, तेव्हा मी सांगितलेलं नाही. हे पाकीट शेजारणीच्या सुनेला द्या. शेजारीण कुठल्या खांबातली, हे विचारत बसू नका.