एकहाती गोल्फची किटली

मी, गोरक्ष पुंजा अहिरे, वय ६४, मूळ गाव नामपूर, हल्ली मुक्काम इंदिरानगर, नाशिक, तोफखान्यातला निवृत्त हवालदार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डावा हात एकाहत्तरच्या लढाईत गेला. अक्षर उजव्या हाताचे आहे, तेव्हा शंका घेऊ नये.

१. राहते घर पत्नी ललिता हिचे. तिच्या हयातीत कोणी ते विकायला काढू नये. पोस्टातली बचत मुलगी रोशनी हिला.

२. विंचूरची अर्धा एकर पडीक जमीन मुलगा मनोज याला. तिथे गोदाम बांधायचे त्याने परस्पर ठरवले आहे. बांधावे, पण आमच्यातला शेवटचा खेळाडू हयात असेपर्यंत नाही. एक्क्याण्णव सालापासून दर डिसेंबरात आम्ही माजी सैनिक तिथे गोल्फ खेळतो. भोकांच्या जागी डालड्याचे डबे पुरले आहेत. कोणी हॉकी स्टिक आणतो, कोणी छत्री उलटी धरतो. मी खेळणार नाही म्हणालो, तेव्हा माझ्याच तोफेवरच्या शफी शेखने नियम काढला, की सगळ्यांनी डावा हात अंगाशी बांधायचा. "आता बोल, अहिरे," म्हणाला. मी खेळलो.

३. विजेत्याला मिळणारी पोचे पडलेली किटली माझ्याकडे आहे. नव्व्याण्णव साली शेवटच्या डब्यापासून वीतभरावरून शफीचा फटका चुकला आणि मी जिंकलो. त्याने मुद्दाम चुकवला असे धरून मी चारचौघांत म्हणालो, "तुझी कीव नको मला." तेव्हापासून तो खेळायला आला नाही, मी त्याच्या घरी गेलो नाही. त्याची आठवण रोज येते, हे इथे नोंदवतो.

४. किटली शफीलाच द्यायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही न केलेली बरी. मग किटली स्पर्धेकडेच राहू द्यावी. मला शफीची सही हवी आहे. त्यासाठी त्याला बोलवायला मलाच जावे लागेल, हे मला कळते.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १२ सप्टेंबर २००४
सही : गो. पुं. अहिरे

साक्षीदार :

१. यादव पगार, शेजारी.

२. शफी शेख, देवळाली. (यादव पगार यांनी वाचून दाखवले, पुढचा मजकूर शफीभाईंनी सांगितला तसा पगार यांनीच लिहिला. सही शफीभाईंची.)

"अहिरे, मुद्दाम नाही चुकवलं रे. डोळे चालले होते, डबा दिसलाच नाही. सांगायची लाज वाटली. डिसेंबरात येतो. डबा कुठंय, ते तू ओरडून सांग."