नीट चिकटवलेली पाकिटं

शनि., ८ फेब्रु.
रोजगार मेळावा पार पडला. म्हणजे मंडप पडला नाही. सकाळपासून रांग, दुपारी पाणी संपलं. निवड झालेल्यांना स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते पाकिटं. आत काही नाही, पत्र कंपनी नंतर पाठवते. पण फोटोत हातात काहीतरी दिसायला हवं, ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. पाकिटं काल मीच चिकटवली. साहेबांचा हुकूम : "गोंद नीट लावा, कुणी स्टेजवरच उघडायला नको." पाय सुजलेत.

सोम., १०
दिवसभर पोर्टल. कंपन्यांनी 'प्राथमिक निवड' कळवलंय, आम्ही 'नोकरी लागली'वर खूण करायची. साहेब म्हणाले, "प्राथमिक हा शब्द वर कुणी वाचत नाही हो." केल्या खुणा. रोजगार कार्यालयात सव्वीस वर्षं काढली, या हाताने किती जणांना नोकऱ्या लावल्या! कागदावर.

शुक्र., १४
सुनील आला होता. लोणी काळभोरचा फिटर, कारखाना बंद झाल्यापासून आमच्याकडे खेटे घालतोय. शनिवारी स्टेजवर होता. आज पेढे घेऊन. "मॅडम, तुमच्यामुळं झालं बघा. आईनं पाकीट देवापुढं ठेवलंय. उघडलं न्हाई अजून. पत्र हाय म्हटल्यावर घाई कशाला?"
खराडीत वॉचमन होता, ती नोकरी सोडली म्हणे. बदली माणूसही स्वतःच देऊन आला, त्यांची अडचण नको म्हणून.
माझ्या तोंडात पेढा. "आधी कंपनीत फोन करा, सुनील." एवढंच बोलले. भित्री आहे मी.

मंगळ., १८
त्याचा फोन. कंपनी म्हणते भरती थांबली. मग पाकीट उघडलं.
"मॅडम, माझंच चुकून रिकामं आलं का?"
चुकून नाही, म्हटलं. सगळ्यांचीच तशी. वॉचमनच्या जागी तो बदली माणूस कायम झालाय.

गुरु., २०
त्याला बोलावून सरकारी प्रशिक्षण योजनेचा अर्ज भरायला बसले. सहा महिने कारखान्यात काम, विद्यावेतन. तेवढाच आधार. तर पोर्टलवर लाल अक्षरं : 'उमेदवार नोकरीत आहे.' खूण माझीच! शेजारी बसून तोही वाचत होता. नुसतं हसला. त्या हसण्याने जास्त लागलं.
खूण काढायला साहेबांची सही हवी. साहेब : "एकाची काढली तर बाकीच्यांचंही विचारतील. मार्चअखेर होऊ द्या." अर्जाची मुदत २८ ला संपते, म्हटलं. "मुदती वाढतात हो."

मंगळ., २५
लेखी टिपण दिलं. खूण चुकीची, मी केलेली, दुरुस्त व्हावी. साहेबांनी वाचून पेपरवेटखाली ठेवलं. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिली ना तुमची?" प्रेमाने विचारलं, तेच वाईट.
घरी यांना सांगितलं. "तुला नसती उठाठेव कुणी सांगितली?" म्हणाले, आणि पेपर उघडला. भाकरी थापताना रडू आलं. साहेबांचा राग नाही, माझाच येतो.

गुरु., २७
परवा दुसरा मेळावा, या वेळी हडपसरला. पाकिटांचा गठ्ठा पुन्हा माझ्या टेबलावर. टिपण पेपरवेटखालीच. सुनीलचा फोन, "उद्या शेवटची तारीख ना मॅडम? सही होईल ना?" सकाळी दहाला साहेबांच्या दारात उभी राहते, म्हटलं. 'होईल' असं मी म्हणाले नाही. आता खोटं नको.
दुपारी सगळे चहाला गेल्यावर कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर हाताने लिहिलं : 'हे नेमणूकपत्र नाही. हातात असलेली नोकरी सोडू नका.' खाली माझं नाव, सही.
प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घातली. आणि गोंद नीट लावला, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे.