दोन्ही यंत्रांवर तोच आकडा

आबा, आज पुन्हा गोल्फचा फटका मोजणारी दोन यंत्रं मांडलीत. एक चेंडूच्या मागं बसतं आणि रडारनं त्याचा माग काढतं, दुसरं बाजूला बसून कॅमेऱ्यात फटक्याचा तेवढा क्षण पकडतं. मालकांना एकच घ्यायचंय, शिकवायलाही चालेल आणि गिऱ्हाइकाच्या हाताला बसेल असा क्लब निवडून द्यायलाही. मी म्हटलं, पावसाळाभर आपण शेडमध्ये जाळीत मारतो, तिथं चेंडूला उडायला जागा कुठाय, कॅमेऱ्याचं बरं. मी तसा कुठं टिकलो नाही. भुशी धरणावर कणसं भाजली, तळेगावात कंपनीत लागलो, सुटलो, मध्येच एका ट्रकवाल्याबरोबर पार कर्नाटकात गेलो, ते असो. एवढं एक काम येतं, तेही तुमच्यामुळं.

रोज सकाळी शिकवणीआधी तुम्ही सेव्हन आयर्न क्लबनं दोन-चार चेंडू मारायचात. वेगाचा नेहमीचा आकडा आला की म्हणायचात, यंत्र शुद्धीवर हाय. तुमचा फटका इतका ठरलेला, की आम्ही तुमच्यावरून यंत्र तपासायचो. म्हणून त्या हिवाळ्यात वेग उतरायला लागला तेव्हा सगळ्यांनी यंत्रालाच दोष दिला. मी काच पुसली, वायर बदलली. तुम्ही म्हणालात, त्याला बी गारठा लागला, आणि शेडमधली पोरं हसली. शेवटी आपलं यंत्र पडताळायला मालकांनी विक्रेत्याकडून दुसरं मागवलं.

ती सकाळ अजून दिसते: तुम्ही उभे आहात, मफलर काढून खुर्चीवर ठेवलाय. मारता. दोन्ही पडद्यांवर तोच आकडा. पुन्हा मारता, दोन्हीवर तोच, आधीच्याहून खाली. क्लब जमिनीला टेकवून तुम्ही माझ्याकडं बघता.

"दोन्ही येकदम कशी बिघडतील रं?"

"बिघडत्यात आबा. गारठा लय हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. तुम्ही क्लब पुसलात, पिशवीत घातलात आणि मफलर गुंडाळत बसलात. नंतर तळेगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेवढंच, बाकी आपल्या दोघांना शेडमध्येच कळलं होतं. उन्हाळा तुम्ही बघितला नाहीत.

आता मालक म्हणतात, यंत्रं जुळतात का ते बघायला रोज एकसारखं मारणारा माणूस हवा, तूच मार, हात आबांचाच आहे तुझा. मी खांदा दुखतो म्हणून सांगितलं. हे फोनवर लिहितोय, कुणाला पाठवायचं नाही. खांदा दुखत नाही, आबा. आकडा तुमचा नेहमीचाच आला आणि तुमच्या जागी मीच उभा राहिलो तर काय करायचं, ते मला सुचत नाही.