विरोध करणारं कोणीतरी हवं

लखनौ,
१४ जानेवारी १९९६

ती. कमलाताई यांना
रूपालीचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे सगळे रजईत आहेत. सकाळी धुकं इतकं असतं की समोरच्या घरातल्या बाई खोकल्या तरच त्या घरी आहेत हे कळतं. तुमचा गुडघा आता कसा आहे? भाऊजींनी सिगारेट सोडल्याचं मागच्या पत्रात वाचलं आणि आनंद झाला. (मधल्या काळात पुन्हा धरली असेल तर तेही मोकळेपणी कळवा, इतक्या लांबून आम्ही काही बोलणार नाही.) मैत्रेयी के.जी.त जाते, मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देते. आईंची तब्येत मात्र फारच छान आहे. हे पत्र खरं तर त्या छान तब्येतीबद्दलच आहे.

त्याचं असं झालं. दिवाळीनंतर मी कलकत्त्याहून कॉस्ट अकाउंटन्सीचं माहितीपत्रक मागवलं. घरी बसून अभ्यास करायचा, धडे पोस्टाने येतात, उत्तरं पोस्टाने पाठवायची आणि परीक्षेला तेवढं जायचं. तुमच्या भावाची बदली कधी कुठे होईल याचा नेम नाही, त्यामुळे मी कुठे नोकरी धरली की ती सुटणार हे ठरलेलं. पण पोस्टमन सगळीकडे असतो. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट लग्नापासून ठेवणीतल्या साड्यांखाली पडलंय आणि त्यालाही आता डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मी अभयना विचारलं. ते केंद्र सरकारच्या ऑफिसात असल्यामुळे होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आधी महिनाभर जुन्या पुस्तकावर घरी अभ्यास करून बघ, जमतंय असं वाटलं तर फॉर्म भर, असा त्यांनी तोडगा काढला. फॉर्मची मुदत या महिनाअखेर आहे.

ताई, मी विरोधाची पूर्ण तयारी केली होती. दोन पोरांची आई आता शिकून काय करणार (पोर एकच आहे, पण बोलणारे दोन धरतात), स्वयंपाक कोण करणार, सासू म्हातारी आहे, या सगळ्यावर माझी उत्तरं तयार होती. आंघोळ करताना मी ती म्हणूनही बघायची. आणि आईंनी काय करावं? धाकट्या भावंडांना सांभाळायला चौथीतून शाळा सुटलेल्या आपल्या आईंनी ऐकलं, उठल्या, जेवणाचं टेबल ओढत नेऊन बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं, त्यावर ट्रंकेतली नवीकोरी चादर घातली आणि म्हणाल्या, बस. शिकायला नको म्हणणारं माणूस आपल्या घरात मिळणं कठीण, हे मला आधी सुचायला हवं होतं. माझी सगळी उत्तरं वाया गेली. शिवाय त्या फोटोखाली बसून जांभईसुद्धा देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई भाजी घ्यायला हातगाडीवर गेल्या आणि गाडीभोवतीच्या सगळ्या बायकांना त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "हमारी सून हिशेब की बड़ी परीक्षा को बैठनेवाली है." संध्याकाळपर्यंत गल्लीत मी सी.ए. झाले होते. (कॉस्ट अकाउंटन्सी वेगळी, हे मी गल्लीतल्या दोघींना समजावून पाहिलं. दोघींनी माझ्या विनयाचं कौतुक केलं.) तेव्हापासून बायका मला बघायला येतात. लखनौचे लोक अत्यंत सभ्य, कोणालाही त्रास द्यायचा नाही असा त्यांचा बाणा. त्यामुळे आपण त्रास द्यायला आलेलो नाही हे सांगायला त्या जातीने येतात, बसतात, आणि चहा संपेपर्यंत तेच सांगत राहतात. वरच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण श्रीवास्तव आंटी तर रोज येतात. "बहू, तुम पढ़ो, हम तो बस चुपचाप बैठे हैं," असं म्हणून त्या चुपचाप बसतात आणि आपल्या दिराच्या मुलाने बँकेची परीक्षा कशी दिली ते सांगतात. मैत्रेयीला आईंनी दारात उभं केलंय. ती येणाऱ्या प्रत्येकाला मम्मी पढ़ रही हैं, धीरे बोलिए, असं इतक्या मोठ्याने सांगते की पलीकडच्या गल्लीतलेही हळू बोलत असतील.

मग मी गच्चीवर जायचं ठरवलं. दुपारी ऊन पडलं की छान शांत असेल, असं मला वाटलं. अर्धा हिवाळा इथे काढूनही मी हे विसरले की ऊन पडलं की लखनौतली एकही बाई घरात राहत नाही. गच्चीवर सगळी गल्ली हजर होती, कोणी स्वेटर विणत होतं, कोणी केस वाळवत होतं आणि आई मधोमध मटारची परात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच उन्हातली चांगली जागा दिली. हात रिकामे दिसणं बरं नाही म्हणून मी चार शेंगा सोलल्या. ओव्हरहेड्सची, म्हणजे वरखर्चाची, विभागणी कशी करायची याचं प्रकरण उघडं होतं, त्यावर कोणीतरी सालं टाकली. दुपारभरात माझा अर्धा परिच्छेद वाचून झाला आणि तीन घरांचे मटार सोलून झाले.

अभय मदत करतात, नाही असं नाही. रात्रीचा स्वयंपाक मी करतो, तू उठायचं नाहीस, असं त्यांनी जाहीर केलं. ते रोज खिचडी करतात आणि ती मी तोंडी करते. मोहरी कुठल्या डब्यात, पाणी किती, शिट्ट्या किती, आता बंद करू का, हे सगळं विचारायला ते पळी घेऊन टेबलापाशी येतात. जेवण झाल्यावर मला प्रश्न विचारायला पुस्तक घेऊन रजईत शिरतात आणि पहिला प्रश्न पूर्ण व्हायच्या आत झोपतात. पुस्तक त्यांच्या छातीवर असतं, काढायला गेलं की दचकून उठतात आणि शिट्टी झाली का विचारतात.

या शिक्षणाचा आतापर्यंत एकच फायदा झालाय. आमच्या दूधवाल्याने पाणी घालणं कमी केलंय. तोटे बरेच. श्रीवास्तव अंकल विजेचं बिल घेऊन आले आणि यात काय घोळ आहे ते बघायला सांगितलं. मी बघितलं, घोळ नव्हता, त्यांना वाईट वाटलं. आणि काल तर कहर झाला. कोपऱ्यावरच्या बालवाडीच्या बाई पेढे घेऊन आल्या. सव्वीस जानेवारीला मुलांना बक्षिसं माझ्या हस्ते द्यायची आणि मी कष्टाने यश कसं मिळवलं यावर दोन शब्द बोलायचे. ताई, मी अजून फॉर्म भरलेला नाही. तो कपाटावर आहे. आई मात्र शेजारून हो म्हणाल्या आणि मी कुठली साडी नेसणार तेही त्यांनीच सांगितलं.

तर अशी परिस्थिती आहे. फॉर्म भरावा की नाही, तुम्हाला काय वाटतं ते कळवावं. भाऊजींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं गरम करून ठेवू नका.

तुमची,
रूपाली

ता. क. : पत्र लिहिण्याचं मुख्य कारण राहिलंच. तुम्ही आईंना एक कडक पत्र लिहा की सुनेने या वयात शिकायचं काही कारण नाही, घराकडे बघावं. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. मुद्दे सुचले नाहीत तर माझ्याकडे तयार आहेत, मी फक्त उलटे करून पाठवते.

ता. क. २ : वरचं थट्टेत घेऊ नका. आवाजाचा, चहाचा त्रास मी सोसला असता. मला भीती वाटते, ताई. इतक्या वर्षांनी बसायचं आणि नापास झाले तर? माझं एक वेळ जाऊ दे. पण भाजीच्या गाडीपाशी उभ्या राहून आई काय सांगतील? तुम्ही नको म्हणालात तर मला मान खाली न घालता मागे फिरता येईल. बोल तुम्हाला लागेल, पण तुम्ही नागपुरात आहात.

ता. क. ३ : कमल, मी आई लिहून राहिली. पत्र टेबलावर उघडं होतं, म्हणून वाचलं. वाचाले सारी दुपार गेली. तू असं काही लिहू नको. हिले वाटते मी बढाया मारून राहिली. हिने शिवणाचा क्लास सोडला, टायपिंगचा सोडला. कोणाले माहीतच नव्हतं, त इचारणार कोण? म्हणून मी आवंदा साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं. आता सोडून दाखव म्हणा. फॉर्म मी कपाटावरून काढून तिच्या उशीखाली ठेवला हाय. अन् नापास झाली त तेही मीच सांगीन, घरोघरी जाऊन. पुढच्या खेपेले पुन्हा बसणार हाय, असं सांगीन.

ता. क. ४ : पाकीट चिकटवताना आईंचं वाचलं. मग उशी उचलून पाहिली. आज फॉर्मवर सही केली, ताई. गल्लीत मात्र, आईंच्या सांगण्यानुसार, ती गेल्या सोमवारीच झाली आहे.