निळ्या स्वेटरची उलटी वेणी

प्रिय दादा,

पत्राला महिना लागला, रागावू नकोस. नदीपलीकडच्या त्या पडक्या शाळेत तू आपल्या धाकट्या चिमीला घेऊन वाट बघत बसला असशील. मी पुढे जाऊन बघायचं, जागा चांगली असली तर तुम्हा दोघांना बोलवायचं, असं आपलं ठरलं होतं.

जागा चांगली आहे. भिंती पांढऱ्या, खिडक्या उंच. आपलं शहर जळाल्यानंतर पहिल्यांदाच मी गरम पाण्यानं आंघोळ केली. इथे सगळे हळू चालतात, पाण्याच्या तळाशी चालावं तसे. दुपारी ऊन फरशीवरून सरकत जातं आणि त्याच्याकडे बघता बघता संध्याकाळ होते. दुधानं तोंड पोळलेली माणसं आपण. पण आठवडाभरात ताक फुंकायची सवयच सुटते.

मला विणकामाच्या खोलीत घेतलं. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुऊन गुंडाळायची, तिचे नवे विणायचे. खोलीतल्या थोरल्या बाईंना सगळ्या काकू म्हणतात. माझा डावरा हात बघून त्या म्हणाल्या, "अगं, विणतेस की लोकरीशी भांडतेस?" सगळ्या हसल्या, मीही हसले. आई अगदी हेच म्हणायची. माझ्या हातून विणीतली वेणी उलट्या बाजूला वळते, ती काही सुधारली नाही. काकूंनी चालवून घेतली.

जे ठणठणीत होतात त्यांना डोंगरावरच्या वरच्या घरी पाठवतात. तिथे थंडी फार, म्हणून निघताना प्रत्येकाला नवा स्वेटर. आपल्याबरोबर पूल ओलांडलेले मास्तर दुसऱ्याच आठवड्यात वर गेले. त्यांचा स्वेटर मी विणला. गडद निळा, छातीवर वेणी. बाह्या लांब झाल्या तर म्हणाले, "असू दे पोरी, वरच्या हवेत हात वाढतील." फाटकाशी त्या लांब बाह्या हलवत राहिले.

पाचव्या दिवशी उसवायच्या टोपलीत तो निळा स्वेटर होता. धुतलेला, घडी घातलेला. वेणी उलटी. तशी वेणी इथे दुसऱ्या कुणाची वळत नाही, दादा. मी काकूंना दाखवला. त्यांनी हातातल्या सुया थांबवल्या नाहीत. "उसव," म्हणाल्या, "हात चालू असले की डोकं भटकत नाही." मी उसवला. लोकर मऊ होती. त्यानंतर माझे आणखी सात परत आले. वर गेलेलं माणूस मात्र एकही परतलं नाही.

काल काकूंनी विचारलं, तुझी धाकटी बहीण केवढी गं? मी हातानं उंची दाखवली. सवयीनं दाखवली, मग हात खाली घेता येईना.

उद्या मला कचेरीत बसवून तुम्हाला बोलावणारं पत्र लिहून घेतील. अक्षर माझं असेल आणि त्यातलं ऊन, गरम पाणी, सगळं खरं असेल. तरी येऊ नका. हे पत्र मीठवाला पोत्यात लपवून आणतोय. त्याला मी माझे बूट दिले, कारण आत राहणाऱ्यांना फाटक फक्त वर जातानाच उघडतं आणि सोमवारच्या यादीत मी आहे. तू नदीच्या काठानं खाली, समुद्राकडे जा. वाचून झालं की लगेच ऊठ. चिमी झोपली असली तर तशीच उचल.

तुझीच,
मधली